वाराणसीतील दोन प्रकारचे वैद्यक

वाराणसी नगराच्या दक्षिणेस काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय आहे. ईशान्येस, वरुणा नदीपलीकडे, चिरईगाव विकासखंडातील खेडी आहेत. जिल्हा एकच, परंतु प्रथमोपचार करणाऱ्या डॉक्टराचे कार्य या दोन ठिकाणी एकसारखे नसते.

विश्वविद्यालयालगतच्या लंका भागात दवाखाने, औषधांची दुकाने आणि तपासणीच्या सोयी हाकेच्या अंतरावर आहेत. खोकला हटत नाही असा रुग्ण आला, तर डॉक्टर क्ष-किरण तपासणी सांगतो आणि निदान शीघ्र होते. रुग्णाचे समाधान झाले नाही, तर तो दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो. या सुबत्तेतही एक उणीव असते: रुग्णाच्या प्रकृतीचा समग्र वृत्तान्त कोणाही एका डॉक्टरापाशी राहत नाही.

खेड्यात तोच खोकला उशिरा डॉक्टरापुढे येतो. मजुरी बुडते, प्रवासाला पैसे लागतात, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. क्षयाचे औषध किमान सहा महिने घ्यावे लागते. थोडे बरे वाटताच ते सोडले, तर रोग उलटतो. म्हणून औषध लिहून दिल्याने तेथील डॉक्टराचे काम संपत नाही. प्रसूती, लसीकरण, पिण्याचे पाणी आणि सरकारी नोंदवह्या, सर्व भार त्याच्यावरच असतो. सल्ला विचारावा असा सहकारी मात्र जवळ नसतो.

हे अंतर केवळ कोसांनी मोजता येत नाही. मदनपुऱ्यातील विणकर नगरातच राहतो. तरी मागावरील एक दिवस गेला की त्या दिवसाची कमाई जाते. त्यालाही दवाखाना दूरच असतो.

वेल्समधील खाणकामगारांच्या गावी दीर्घकाळ सेवा करणारे डॉ. जूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये याच विसंगतीला नियमाचे रूप दिले. चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या व्यस्त प्रमाणात उपलब्ध होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारतात भोर समितीने १९४६ मध्ये चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले. पुढे सपाट प्रदेशासाठी हे प्रमाण तीस हजारांवर आणले गेले. परंतु केंद्रांची संख्या वाढली, तरी तेथे टिकणारा डॉक्टर आपोआप निर्माण होत नाही. रुग्णालयात शिकणारा विद्यार्थी तेथवर पोहोचलेलाच रुग्ण पाहतो. जो पोहोचू शकला नाही, तो त्याच्या शिक्षणात येतच नाही. हे ओळखूनच १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना ग्रामीण केंद्रांशी जोडण्याची योजना आखली गेली. चिरईगाव हे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे असेच ग्रामीण शिक्षणक्षेत्र झाले.

महाराष्ट्रात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यामुळे डॉक्टराला रुग्णाची वाट पाहत बसावे लागले नाही. खेड्यातील डॉक्टराकडून त्यागाची अपेक्षा करण्यापूर्वी त्याला असे साहाय्य, नियमित औषधपुरवठा, राहण्यास घर आणि ज्येष्ठांचा सल्ला मिळेल, याची व्यवस्था करणे हे शासनाचे आणि विद्यापीठांचे कर्तव्य आहे.