मुदत वाढवून मागायची कशी? (आणि मी का मागितली नव्हती)

कसे आहात विचारत नाही, कारण सबमिशनचा सीझन सुरू आहे. निम्मे जण आत्ता कानात हेडफोन घालून दुसऱ्याचं जर्नल उतरवत असणार. उतरवा, मी कुणाला सांगत नाही.

आजचा विषय त्यातलाच, पण जरा गंभीर. घरी अचानक काहीतरी घडतं, असाइनमेंट वेळेत होणार नाही हे कळतं, आणि प्रश्न पडतो की आता सरांना सांगायचं कसं? मी हे कसं केलं ते आधी सांगतो. म्हणजे कसं करू नये ते कळेल.

2018 चा एप्रिल. मी टीवायला, सहावं सेमिस्टर, पुण्यात होस्टेलवर. रात्री साडेदहाला आईचा फोन आला. "बाबांच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात आणलंय." स्वारगेटला मिळेल ती एसटी पकडली आणि पहाटे कराडला उतरलो. हार्ट अटॅक होता. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. बाबा वाचले. आता रोज सकाळी चालायला जातात आणि वर मलाच व्यायामावरून बोलतात.

मी तिथे अकरा दिवस होतो. औषधं, विम्याचे कागद, रात्री दवाखान्यात झोपणं, बहिणीची नववीची परीक्षा. आणि या अकरा दिवसांत कॉलेजमधल्या एकाही माणसाला मी काही सांगितलं नाही. क्लासच्या ग्रुपवर मेसेज येत होते. सोमवारी अमुक फाईल चेक होणार, बुधवारी मिनी प्रोजेक्टचा डेमो. मग डिफॉल्टर लिस्ट आली, माझं नाव तिसरं. मी वाचायचो आणि फोन उलटा ठेवायचो.

का नाही सांगितलं? एक तर लाज. वाटायचं, रडगाणं गातोय असं समजतील. आमच्या बॅचमध्ये एकाची आजी तीन सेमिस्टरमध्ये तीनदा वारली होती. सरांना वाटेल, हा पण त्यातलाच. आणि दुसरं म्हणजे, एक दिवस गेला, मग तीन गेले, मग आठ. जितका उशीर झाला तितकं तोंड दाखवणं अवघड होत गेलं.

बाराव्या दिवशी परत आलो आणि जीएफएम सरांकडे गेलो. जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी, काही मुलांमागे एक शिक्षक पालकासारखा नेमतात ना, ते. मला वाटलं आता धुलाई. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाबा कसे आहेत?" मित्राकडून त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी एक मेसेज टाकला असतास, तर आज माझ्या हातात काहीतरी असतं."

दोन विषयांत त्यांनी बोलून चार दिवस मिळवून दिले. तिसऱ्या विषयाची ओरल एक्स्टर्नलसमोर होऊन गेली होती, मार्क परीक्षा विभागाकडे गेले होते. तिथे एचओडींच्याही हातात काही उरलं नव्हतं. बॅकलॉग लागला. ऑगस्टमध्ये प्लेसमेंट सुरू झाल्या, आणि पहिल्या बऱ्याच कंपन्यांची अट होती, लाइव्ह बॅकलॉग नको. रूममेट इस्त्रीचे शर्ट घालून निघायचे आणि मी होस्टेलच्या कट्ट्यावर बसून त्यांना ऑल द बेस्ट म्हणायचो.

बरीच वर्षं मी सांगायचो की बाबांच्या आजारपणामुळे बॅकलॉग लागला. खरं तर तो माझ्या गप्प बसण्यामुळे लागला.

तर मग काय करायचं? एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तारीख उलटायच्या आधी सांगा. तारखेआधी शिक्षकाकडे पर्याय असतात. ओरलचा नंबर शेवटच्या बॅचला टाकता येतो, डेमो पुढे घेता येतो. नंतर ते पर्याय एकेक करून बंद होतात. सगळे कागद हातात येईपर्यंत थांबू नका. दवाखान्याच्या बाकावरून दोन ओळी टाका, कागद मागून द्या.

आणि काय लिहायचं? साधं. मी आज लिहिला असता तर असा लिहिला असता:

"सर, मी टीवाय कॉम्प्युटर, रोल नंबर अमुक. काल रात्री वडिलांना हार्ट अटॅक आल्याने मी गावी आलो आहे. डीबीएमएसची दहापैकी सात प्रॅक्टिकल्स लिहून झाली आहेत. सोमवारऐवजी शुक्रवारपर्यंत फाईल दिली तर चालेल का? दवाखान्याचा कागद जोडतो आहे. ओरलची तारीख बदलणं शक्य नसेल तर तसं कळवा, मी एका दिवसासाठी येऊन जाईन."

बघा, यात पाच गोष्टी आहेत. तुम्ही कोण, काय झालं ते एका ओळीत, किती काम झालंय, नवी तारीख, आणि पुरावा. "थोडा वेळ द्या" म्हणू नका, तारीख द्या. आणि जी पाळता येईल तीच द्या, कारण दुसऱ्यांदा मागणं फार अवघड जातं. घरातलं सगळं उघड करायचीही गरज नाही. आईवडिलांचं भांडण असेल, घटस्फोट असेल, तर "घरी गंभीर कौटुंबिक अडचण आहे, समक्ष सांगतो" एवढं पुरतं. त्रास मनाचा असेल तर तोही आजारच आहे, तसंच सांगा. आणि सबमिशनच्या पलीकडे काही जड वाटत असेल तर टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे.

खोटं मात्र बोलू नका. तीनदा वारलेल्या त्या आजीमुळेच माझं तोंड बंद झालं होतं.

परदेशात शिकणारे बरेच जण ऐकतात, त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी यासाठी वेगळा फॉर्म असतो आणि पुरावा लागतो. लॅपटॉप बंद पडला, फाईल उडाली ही कारणं सहसा चालत नाहीत. बॅकअप ठेवणं तुमचं काम धरतात. अमेरिकेत बऱ्याचदा प्रोफेसरच ठरवतात, तेव्हा आधी सिलॅबसमधला उशिराचा नियम वाचा आणि मग मेल करा.

आता, नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. मुदत वाढवून मिळणं हा हक्क नाही. मग जीएफएम, मग एचओडी, लेखी. खरंच अन्याय झालाय असं वाटलं तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजला विद्यार्थी तक्रार निवारण समिती ठेवावी लागते. पण निम्मी प्रकरणं पहिल्या मेलवरच मिटतात असं माझं आपलं मत.

आज ऑफिसात माझी टीम मला एका गोष्टीसाठी ओळखते. शुक्रवारचं काम होणार नसेल तर मी मंगळवारीच सांगतो. ते मी कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही, त्या कट्ट्यावर शिकलो.

तुमच्यापैकी कुणी आत्ता फोन उलटा ठेवून बसलं असेल, तर हा एपिसोड इथेच थांबवा. आधी त्या दोन ओळी पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.