आजीचा चौक आणि आपला ठराव

(शिबिराच्या दुसऱ्या दिवशी रात्री, जेवणानंतर झालेलं हे भाषण. टेप नव्हता. बोलणाऱ्या कार्यकर्तीनेच नंतर आठवून लिहून दिलं. बोलणं तसंच ठेवलं आहे. – संपादक)



दिवसभर सात-बारा, एकसाली, दळी, पंचनामा ऐकून तुमची डोकी जड झाली असतील. माझा विषय मुद्दाम जेवणानंतर ठेवलाय, म्हंजे कुणाला झोप लागली तरी संघटनेचं नुकसान नाय. कागदावर विषय लिहिलाय 'कला आणि चळवळ'. काल संध्याकाळी पाण्यावर एका काकांनी तो वाचला आणि मला विचारलं, "पोरी, प्लॉट नावावर झाले का?" मी म्हटलं, नाय. "मग चित्रं-गाणी आत्ता कशाला? आधी जमीन, मग नाच." काका इथंच बसलेत, हसतायत. ते चार वेळा जेलमधे गेले, मी एकदा, तेही दोन रात्री. म्हणून मला काल उत्तर देता आलं नाय. आज देते, पण जरा फिरून.

माझी आजी धवलेरी आहे. इथं कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर भाऊ-बहिणी आहेत म्हणून सांगते. आमच्या वारल्यांत लगीन लावायला बामण नाय लागत. धवलेरी गाते, तेव्हा लगीन लागतं. ती गायली नाय तं देव येत नायत. आणि देव येऊन बसायचे कुठं, तं चौकात. आतल्या खोलीची भिंत शेणानं सारवायची, वरून गेरू. तांदूळ भिजवून वाटायचा, पातळ करायचा. बांबूची काडी घेऊन तिचं टोक दातानं चावून कुंचला करायचा. मग सवाशिणी चौक लिहायला बसतात. चौकात पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावर पंचशिऱ्या. भोवती झाडं, डोंगर, आलेले वऱ्हाडी. काढणाऱ्या बायका गात असतात. लगीन झाल्यावर ते चित्र कुणी जपून ठेवत नाय. भिंत पुन्हा सारवतात आणि ते जातं. पुढच्या लग्नाला पुन्हा नवीन.

आता आपला ठराव. लग्नाचं कर्ज म्हंजे काय, ते म्हाताऱ्या माणसांना मी सांगायला नको. लग्नाला सावकाराकडून पैसा घ्यायचा आणि नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी जन्मभर राबायचं, म्हंजे लग्नगडी. १९४५ ला तलासरीकडं झरीला सभा झाली आणि वेठ बंद करायचं ठरलं, ती सगळी हकीकत गोदावरीबाई परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मधे लिहिलीय. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड पडला. त्यामुळं लग्नाचा खर्च कमी करायचा ठराव संघटनेनं केला तो बरोबरच होता. मी स्वतः हात वर केला होता. एक दिवसाचं लगीन, एका मांडवात अनेक जोडपी, हार घालायचे, घोषणा द्यायच्या, डाळ-भात खायचा, घरी जायचं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लगीन तसं झालं. मीच पुढं होऊन केलं. आजी मांडवाच्या कडेला बसली होती. तिला कुणी गायला सांगितलं नाय, कारण कार्यक्रमात ते नव्हतंच. हार घातले, ताईंचं भाषण झालं, जेवणं झाली. संध्याकाळी घरी आल्यावर आजीनं मला विचारलं, "पोरीचं लगीन कधी हाय?"

मला वाटलं म्हातारपणानं विसरली. ती विसरली नव्हती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिच्या हिशोबानं लगीन लागलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी हिशोब करतेय. शेण आपलं, गेरू ओढ्याच्या काठचा, तांदूळ शेरभर, काडी बांबूची. धवलेरीला साडी, नारळ, तांदूळ आणि ताडी. यात सावकार कुठं आला? कर्ज कशानं होतं? दारूनं होतं, बँडनं, लाउडस्पीकरनं, दुकानातल्या कपड्यानं होतं. ते सगळं कापायचं म्हणून कोयता चालवला, त्यात धवलेरीपण कापली गेली. आणि गंमत बघा, आता आपल्याच पाड्यात लाउडस्पीकर परत आलाय. सिनेमाची गाणी लागतात. धवलेरी मात्र परत नाय आली. आमच्या भागात तीन राहिल्या, तिघी म्हाताऱ्या. शिकणारं कुणी नाय. मी पण नाय शिकले. मला चार-पाच गाणी येतात, तीही अर्धी. बारावी झालेल्या पोरीला हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

काका म्हणतील, ठीक आहे, पण यात जमीन कुठं आली? येते.

१९७८ च्या सरकारी निर्णयानं ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नावावर करायची होती. पुढं १९८० चा केंद्राचा कायदा आला आणि दिल्लीची परवानगी लागू लागली, म्हणून इतकी वर्षं आपण बसून राहिलो. पुरावा काय मागायचे, तं फॉरेस्टच्या दंडाची पावती. म्हंजे ज्यानं आपल्याला पकडलं त्याचाच कागद. ज्याच्याकडून कोंबडी घेऊन सोडून दिलं त्याच्याकडं पावती नव्हती, त्याचा प्लॉटपण नव्हता. आपण आपली यादी करायला बसलो तेव्हा आमच्या पाड्यात दोन घरांत बांधावरून मारामारीची पाळी आली. दोघं म्हणतात नाल्यापर्यंत माझं. नाला कुठला, तं दोन नाले. तेव्हा आजीला बोलावलं. तिनं भांडण ऐकलंच नाय. ती गुणगुणायला लागली. लग्नात ती देवांना बोलावते ना, डहाणूच्या महालक्ष्मीपासून सुरू करून टेकडी-टेकडीवरनं खाली येते, पाड्याजवळ आली की एकेक जागा घेते. आसनीचं खाचर, वाघाचं टेपाड, दुधीचा व्हळ. गाता गाता थांबली आणि म्हणाली, दुधीचा व्हळ टेपाडाच्या अलीकडं, पलीकडचा तं बुजवलेला पाट. दोन्ही घरचे म्हातारे गप्प झाले. त्यांनाही ते गाणं माहीत होतं. बांध तिथं ठरला, यादी पुरी झाली.

ऑफिसात हे चाललं नाय, हेही सांगते. मोजणीला आलेल्या साहेबाला मी म्हटलं, आमच्या गाण्यात ही नावं आहेत. तो हसला, म्हणाला, गाण्यावर शिक्का कुठाय? त्यामुळं गाणं गायलं की सात-बारा मिळतो असं मी म्हणणार नाय. पण आपली यादी खरी आहे, त्यात भाऊ-भाऊ फुटले नायत, आणि हे त्या म्हातारीच्या डोक्यातल्या गाण्यामुळं झालं. ती गेली की पुढच्या भांडणाला कुणाला बोलावणार?

आता माझं थोडं. आश्रमशाळेत मला चित्रकलेत नापास केलं होतं. सरांनी सांगितलं, देखावा काढा. देखावा म्हंजे दोन डोंगर, मधे सूर्य, नारळाचं झाड, लाल कौलांचं घर. मी आमचं घर काढलं, भात झोडणारी माणसं काढली, दोन त्रिकोण जोडून, आई काढते तशी. सर म्हणाले, माणसाला मांस कुठाय? सगळ्या वर्गानं हसून घेतलं. मी मग तीन वर्षं नारळाची झाडं काढली. पाहुणे आले की त्याच शाळेत आम्हाला फेटे बांधून, पिसं खोवून नाचायला लावायचे. पिसं आमच्यात कुणी खोवत नाय, ती कुठल्या सिनेमातनं आणली कोण जाणे. आज तेच दोन त्रिकोण सरकारी ऑफिसच्या भिंतीवर, हाटेलात, रेल्वे स्टेशनात रंगवलेले दिसतात. ज्या ऑफिसात आपल्याला बाहेर उन्हात बसवतात, तिथं आत भिंतीवर आपण नाचतोय.

गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं नाव तुम्हाला माहीत आहे. लहानपणी आई गेली, बोलणं बंद झालं, धुळीत चित्रं काढून सांगायचे. १९७० च्या सुमारास भास्कर कुलकर्णी आले, त्यांनी कागद दिला. १९७५ ला मुंबईत प्रदर्शन झालं, १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार. त्यांनी लग्नाची वाट बघितली नाय, रोज काढलं, मासे पकडणारी जाळी, मुंग्या, रस्ते, जे दिसलं ते. मला त्यांचं हेच मोठं वाटतं. बायांना एक सांगायचंय पण. चौक पिढ्यानपिढ्या बायांनी लिहिला. कागद आला, पैसा आला, तसे पुरुष काढायला लागले. त्यांनी काढावं, डहाणूकडं कितीतरी घरं त्यावर चालतात, मी नाव ठेवत नाय. पण माझ्या आईचं नाव कुठल्या कागदाखाली नाय आणि तुमच्या आईचंपण नाय.

विकण्याबद्दलही माझा अनुभव ऐका. बारावीनंतर एका व्यापाऱ्याला मी कापडावर चित्रं करून देत होते, नगावर पैसे. एकदा मी गार्ड काढला. गार्ड कोयता हिसकावतोय, बाई मोळी धरून उभी आहे, मागं पोरं पळतायत. मला वाटलं चांगलं जमलंय. व्यापारी म्हणाला, "गार्ड नको, तारपा काढ. लोकांना आनंदी आदिवासी पायजे." मी तारपा काढला. घरात तेल नव्हतं, का काढू नये? पण गार्डाचं कापड मी धुऊन टाकलं नाय, आणलंय. उद्या दाखवीन.

काकांचा प्रश्न राहिला. आधी जमीन, मग नाच. काका, आम्हाला दोन रात्री आत ठेवलं तेव्हा आम्ही अकरा जणी होतो. एक अंगावरचं पोर घरी ठेवून आली होती, दूध भरून आलेलं, रडत होती. आम्हाला काय करावं सुचेना. एकीनं लावणीचं, म्हंजे भात लावताना म्हणतो ते गाणं सुरू केलं. मग दुसरीनं. रात्रभर चाललं. सकाळी एकेकीला बोलावून कागद पुढं केला, पुन्हा जंगलात जाणार नाय म्हणून लिहून द्या, लगेच सोडतो. अकरापैकी एकीनंही अंगठा दिला नाय. त्या पोराच्या आईनंपण नाय. गाण्यामुळं दिला नाय असं मी म्हणत नाय, पण त्या रात्री भाषण करणारं आमच्यात कुणी नव्हतं, एवढं मला माहीत आहे.

आणि तुम्ही, काका? तुमच्या जेलच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकतेय. तुम्ही सांगता तेव्हा जेलरची नक्कल करता, पोरं पोट धरून हसतात. ती तुम्ही जमीन मिळेपर्यंत थांबवली होती का?

शहाद्याकडं वाहरू सोनवणे आहेत, भिल्ल, चळवळीतलेच. मोर्चेपण केले आणि कवितापण लिहिल्या. त्यांचं 'गोधड' १९८७ ला आलं. त्यांना कुणी आधी हे मग ते सांगितलं असेल तं त्यांनी ऐकलेलं दिसत नाय. आपल्याकडं मात्र तारपा वाजवणारा पोरगा दुपारी भोपळा तासत बसला की आळशी ठरतो. तारपा काय बाजारात मिळतो? दुधी भोपळा वाळवायचा, बांबूच्या नळ्या, पोळ्याचं मेण, पुढं ताडाच्या पानाचा कर्णा. मेण थोडं कमी पडलं तं सूर निघत नाय. महिना जातो. तो महिना त्याला घरच्यांनी दिला पायजे, आणि संघटनेनंही.

गेल्या अंकाच्या स्टेन्सिलवर मी चौक कोरायचा प्रयत्न केला होता, रिफिल संपलेल्या पेनानं. घोड्याचा पाय फाटला आणि तिथं शाईचा मोठा डाग आला, तुम्ही पाहिला असेल. शिवाय आपली माणसं पांढरी असतात ती काळी आली. दोन-चार स्टेन्सिलं वाया गेली म्हणून ताई रागावल्या. पण एका पाड्यात वाचता न येणाऱ्या म्हातारीनं तो अंक ओळखला आणि विचारलं, हा घोडा कुणी मारला? अंकातल्या बाकीच्या आठ पानांबद्दल तिनं काय विचारलं नाय.

तं माझं मागणं असं. लग्नाच्या ठरावात दुरुस्ती करा. कर्ज, दारू, बँड, लाउडस्पीकर यांची बंदी राहू द्या, लाउडस्पीकरची तं नीट पाळा. पण धवलेरी आणि चौक राहील असं लिहा, आणि सामूहिक लगीन असलं तरी आदल्या रात्री चौक लिहायला वेळ द्या. ज्यांच्या समाजात दुसरी रीत आहे त्यांनी आपली सांगावी. ज्यांच्याकडं अजून काशाच्या थाळीवर मेणानं काडी बसवून रात्रभर कथा सांगणारे आहेत, त्यांनी त्या कथा ऐकून वहीत उतराव्यात. वही संघटना देईल असं मी ताईंना न विचारता सांगते. आणि माझ्यासाठी एक, येत्या पावसाळ्यात मला दोन महिने मोर्चाच्या कामातनं सूट पायजे. आजीजवळ बसायचंय. तिला सगळं येतं, पण ती एका दमात सांगत नाय. भात लावताना थोडं, भाकरी थापताना थोडं. दोन महिन्यांत किती जमेल माहीत नाय.

ठराव उद्या दुपारी मतदानाला आहे. त्याआधी सकाळी मागची भिंत सारवून ठेवलीय, तांदूळ भिजत घातलेत. बायांनी या. पोरांनीही या, काड्या चावून द्या.

आता भात झोडून झालंय, तारपा वाजवायला हरकत नाय. वाजवणारे दोघं कधीचे बाहेर थांबलेत, माझंच लांबलं. काका, तुम्ही घोळकाठी घ्या.

जिंदाबाद.