सांगणारा डॉक्टर होता म्हणून



आधीच सांगून टाकतो, आज मी एका गाजलेल्या रहस्यकादंबरीतला खुनी कोण ते फोडणार आहे. कादंबरी १९२६ सालची आहे, तेव्हा गुपित राखण्याची मुदत संपली असं मी धरतो. तरीही कुणी ती वाचायची बाकी ठेवली असेल, तर त्यांनी खुशाल बाहेर चहाला जावं. मी रागावणार नाही.

अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’. किंग्ज ॲबट नावाचं इंग्लंडमधलं एक खेडं. तिथला डॉक्टर जेम्स शेपर्ड आपल्याला गोष्ट सांगतो. शेजारच्या घरात गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो निवृत्त होऊन भोपळे पिकवत बसलाय. गावातला धनिक ॲक्रॉइड याचा खून होतो. पॉयरोचा नेहमीचा साथीदार हेस्टिंग्ज तेव्हा अर्जेंटिनात, म्हणून तपासात डॉक्टर त्याच्याबरोबर फिरतो आणि सगळं लिहून ठेवतो. शेवटी पॉयरो सिद्ध करतो की खून डॉक्टरनंच केला.

यावर वाचक खवळले. गंमत म्हणजे, अशा कादंबरीची मागणी वाचकांकडूनच आली होती. खुनी म्हणून एकदा शेरलॉक होम्सच्या वॉटसनसारखाच कुणी निघावा, असं ख्रिस्तीच्या बहिणीचे यजमान जेम्स वॉट्स तिला म्हणाले होते. लॉर्ड माउंटबॅटन यांनीही तिला पत्रातून साधारण हेच सुचवलं होतं. हो, तेच माउंटबॅटन, आपले शेवटचे व्हाइसरॉय. पण कल्पना म्हणून सुचवणं वेगळं आणि रात्री जागून वाचताना तिच्यात स्वतः सापडणं वेगळं.

अमेरिकेतला रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यानं १९२७ मध्ये, आपल्या खऱ्या नावानं काढलेल्या एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत, ही युक्ती रीतीला धरून नाही असा निकाल दिला. पुढच्या वर्षी त्यानं रहस्यकथेचे वीस नियम छापले. वाचकाला फसवायचं असेल, तर गुन्हेगार गुप्तहेराला फसवतो तेवढंच फसवावं, हा त्यातला एक. उलट बाजूनं उभी राहिली रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स. तिचं म्हणणं थोडक्यात असं: सगळे धागे तुमच्या समोर होते, फसलात म्हणून चिडलात, सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचं कामच आहे.

या भांडणाचा निवाडा पुस्तकातच होतो. प्रसंग आठवा. ॲक्रॉइडच्या हाती एक पत्र येतं तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी आहेत. डॉक्टर तिथून निघतो तेव्हा नऊला दहा कमी. या दोन वेळा डॉक्टरनं शेजारी शेजारी, प्रामाणिकपणे नोंदवल्या आहेत. मधल्या दहा मिनिटांत काय झालं, ते लिहिलेलं नाही. तिथं एक अक्षरही खोटं नाही. ‘काही विशेष घडलं नसेल’ हे वाक्य डॉक्टरचं नाही, ते आपण भरलं. ख्रिस्तीनंही आत्मचरित्रात हीच बाजू मांडली आहे: लोक याला लबाडी म्हणतात, पण नीट वाचलं तर तशी ती नाही.

मग आपण ते वाक्य का भरलं? माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हा प्रश्न आहे. आपण ते भरलं, कारण सांगणारा डॉक्टर होता. शिकलेला, सभ्य, मोजकं बोलणारा, किंचित मिश्किल. डॉक्टर वॉटसनपासून आपल्याला सवयच लागली होती की डॉक्टर सांगतो ते खरं.

त्याच घरात आणखी एक व्यक्ती आहे, डॉक्टरची थोरली बहीण कॅरोलाइन. अविवाहित, चौकस, सगळ्या गावाच्या बातम्या घरबसल्या गोळा करणारी. ती पहिल्याच प्रकरणात सांगते की गावातल्या मिसेस फेरर्सनं आपल्या नवऱ्याला विष घातलं, आणि आता त्याच बोचणीनं स्वतःचा जीव घेतला. डॉक्टर तिची टर उडवतो आणि आपणही त्याच्याबरोबर हसतो. पुढं विषाची गोष्ट खरी ठरते, आत्महत्येचीही. तिला एवढंच ठाऊक नव्हतं की त्या बाईकडून पैसे उकळणारा तिचाच भाऊ होता. म्हणजे खरं बोलणारी बाई पहिल्या पानापासून समोर होती आणि तिला आपण ‘गावगप्पा’ म्हणून बाजूला सारलं. या पुस्तकावर चिडलेल्यांपैकी किती जणांनी कॅरोलाइनची माफी मागितली असेल?

याच्या उलट टोकाचं उदाहरण घ्या. पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ २०१५ साली आली. तिच्यातली रेचल दारू पिते, तिला रात्रीच्या रात्री आठवत नाहीत. वाचक तिच्यावर वैतागतात. ही बाई सावरत का नाही, असं म्हणतात. मग उलगडतं की तिच्या विस्मृतीचा फायदा घेऊन तिच्या आधीच्या नवऱ्यानं तिच्या माथी न केलेली कृत्यं मारली होती. तिच्यावर अविश्वास दाखवताना आपण त्या माणसाच्या बाजूला जाऊन बसलो होतो, हे लक्षात आल्यावर वैतागाची जागा शरम घेते. शेपर्डनं आपल्याला फसवलं ते विश्वासामुळं; रेचलच्या बाबतीत आपण फसलो ते संशयामुळं.

म्हणून ‘सगळ्यांवर संशय घ्या’ हा सेयर्सबाईंचा सल्ला मला अपुरा वाटतो. आजचा वाचक तो तंतोतंत पाळतो. गिलियन फ्लिनच्या ‘गॉन गर्ल’नंतर, म्हणजे २०१२ नंतर, निवेदक खोटारडा असणारच असं गृहीत धरून लोक पुस्तक उघडतात आणि मिटताना ‘मी आधीच ओळखलं होतं’ म्हणतात. पण सरसकट संशयाला फार अक्कल लागत नाही. फ्रेंच समीक्षक पिएर बायार यानं १९९८ मध्ये पॉयरोच्याच निष्कर्षावर अविश्वास दाखवून ॲक्रॉइडचा खटला नव्यानं चालवला. संशयाची याहून मोठी मजल कोणती? आणि त्यानं खुनी ठरवलं कुणाला? कॅरोलाइनला! तर्क वाचनीय आहे, तरी मला तो पटत नाही.

२०१३ मध्ये ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनच्या सदस्य लेखकांनी याच कादंबरीला सर्वोत्तम रहस्यकादंबरी म्हणून कौल दिला. ज्या युक्तीला नियमबाह्य म्हटलं गेलं, तिलाच धंद्यातल्या माणसांनी मुजरा केला. पण वाचक म्हणून आपला हिशेब अजून उरतो. अशी कादंबरी संपल्यावर लेखकाला शिव्या देण्याचा हक्क आपल्याला जरूर आहे. त्यानंतर मात्र मागं जाऊन एवढंच तपासावं, की कुणाचं बोलणं आपण पुरावा न मागता मान्य केलं आणि कुणाचं पुरावा समोर असून उडवून लावलं. ती यादी लेखकानं केलेली नसते. ती आपण घरून, कचेरीतून, शेजारातून घेऊन येतो, आणि पुस्तक मिटल्यावर तिच्याप्रमाणेच माणसांशी वागायला परत जातो. ती यादी दुरुस्त करायला एखादी खुनाची गोष्ट कामी आली, तर तिला कुणी नुसती करमणूक म्हणू नये.