मनोऱ्याची जागा आणि शिळावर्तुळे

(सीताबर्डी, नागपूर येथे पंचायत सदस्य व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



सीताबर्डीची टेकडी १८१७ च्या लढाईमुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु येथून काटोल मार्गाने गेल्यास जुनापाणीच्या माळावर त्याहून दोन हजार वर्षांपेक्षा अधिक जुना इतिहास उघड्यावर आहे. तेथे सुमारे ३०० शिळावर्तुळे, म्हणजे लोहयुगीन दफने आहेत. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक यांनी त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. पुढे माहुरझरीला घोड्याच्या मुखावरील तांब्याचे अलंकार मिळाले, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली.

याच जिल्ह्यातील कोराडी व खापरखेडा येथून वीजवाहिन्या दूरवर जातात. शेतीपंपाला वीज हवी आणि वारसाही टिकावयास हवा. सुदैवाने या दोहोंत विरोध नाही. धरण जागा बदलू शकत नाही. वीजवाहिनी मात्र जमिनीला केवळ मनोऱ्यांच्या पायाशी स्पर्श करते. आखणीच्या वेळी मनोरा काही मीटर सरकविणे शक्य असते. पाया खणल्यावर ती संधी राहत नाही.

म्हणून पाहणी आधी व्हावी. प्रथम नकाशे व उत्खननांचे अहवाल पाहावेत. नंतर संपूर्ण मार्ग पायी चालून वर्तुळे, खापरे व पांढरीच्या टेकाडांची नोंद घ्यावी. गवत वाळल्यावर दगडांची मांडणी स्पष्ट दिसते. अवजड वाहनांसाठी होणारे तात्पुरते रस्तेही तपासावेत. अन्यथा मनोरा वाचवितो आणि रस्ता मोडतो.

केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. परंतु यादीत नसलेल्या वर्तुळाला हे कवच नाही. अनोळखी नजरेला तो दगडांचा ढीगच वाटतो आणि त्याची गिट्टी होते.

अशा जागा गावचा गुराखी जाणतो. त्याला सोबत घेऊन शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गट क्रमांकासह यादी करावी, ग्रामपंचायतीने ती दप्तरी ठेवावी आणि आखणीचे पथक येताच त्याच्यापुढे मांडावी. प्रत पुरातत्त्व विभागाकडेही पाठवावी. खोदताना ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे.

या कामास मोठा खर्च नाही. खुंटी ठोकली जाण्यापूर्वी ते व्हावे, एवढीच विनंती.