परसातील कोंबड्या आणि माश्यांचा बंदोबस्त

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की परसातील खुराड्याभोवती माश्यांचे थवे घोंघावू लागतात. बेळगावच्या आसपासचे एखादे कौलारू घर असो, गोव्यातील माडाखालचे खुराडे असो किंवा माळव्यातील वस्तीवरचा कुडाचा आडोसा असो. चित्र सर्वत्र सारखेच असते. माश्या प्रथम खुराड्यात दिसतात, मग स्वयंपाकघरात शिरतात आणि अखेरीस शेजाऱ्याच्या ताटावर जाऊन बसतात. तेथून तंट्याला तोंड फुटते. दहाबारा कोंबड्यांच्या अंड्यांवर तेलामिठाचा आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागविणाऱ्या गृहिणीपुढे, कोंबड्या राखाव्यात की शेजार राखावा, असा पेच उभा राहतो. वस्तुतः दोन्ही राखता येतात. मात्र त्यासाठी माशी कोठे जन्मते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

परसातील कोंबडीपालनाकडे आता पूर्वीपेक्षा अधिक आस्थेने पाहिले जाते. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने ‘वनराज’ आणि बंगळूरच्या पशुवैद्यक शास्त्रज्ञांनी ‘गिरिराज’ ही वाणे परसात हिंडून-फिरून वाढावीत, या हेतूनेच तयार केली. भूमिहीन कुटुंबालाही पेलेल असा हा जोडधंदा आहे. परंतु घरातील मुले हगवणीने आजारी पडू लागली आणि शेजार तुटला, तर चांगल्या वाणाचा उपयोग तो काय? माशी घाणीवर बसते आणि तेच पाय घेऊन अन्नावर येते. शिवाय घन पदार्थ खाता येत नसल्यामुळे ती त्यावर आपल्या पोटातील द्रव ओकून तो विरघळविते. हगवण, विषमज्वर यांसारख्या रोगांचे जंतू अशा रीतीने ताटापर्यंत येऊन पोहोचतात.

घरमाशीला प्रजेसाठी एकच गोष्ट हवी असते, आणि ती म्हणजे ओलसर, कुजणारी घाण. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि आपल्या अल्प आयुष्यात असे पाच-सहा वेळा करते. पावसाळ्यातील उबदार हवेत ही अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. पांढऱ्या अळ्या चार-पाच दिवस घाणीत वाढतात. मग कडेच्या कोरड्या जागी सरकून तपकिरी रंगाचा कोष करतात, आणि आणखी तीन-चार दिवसांनी त्या कोषातून पंख असलेली माशी बाहेर पडते. म्हणजे आज घातलेल्या अंड्याची माशी आठ-दहा दिवसांत, कडक उन्हाळ्यात तर सातच दिवसांत, उडू लागते. माश्यांच्या बंदोबस्ताचे सारे मर्म या सात दिवसांच्या हिशेबात आहे.

आता कोंबडीकडे वळावे. एक प्रौढ कोंबडी दिवसाकाठी सुमारे शंभर ग्रॅम विष्ठा टाकते. दहा कोंबड्यांची विष्ठा रोज एक किलो आणि आठवड्याला सात किलो भरते. ताज्या विष्ठेत तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक पाणी असते. म्हणजे आठवड्याला पाच लिटरांहून अधिक पाणी खुराड्यात साचत जाते. हे पाणी आटून विष्ठेतील ओलावा तीस टक्क्यांच्या खाली आला, तर तीत माशीची अळी नीट वाढू शकत नाही. विष्ठा ओली राहिली, तर मात्र कितीही माश्या मारल्या तरी नव्या येतच राहतात.

म्हणून पहिला उपाय ओल हटविण्याचा. खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच असावे आणि त्यातून वारा खेळावा. पावसाच्या बाजूने गोणपाट लावावे. पण चारही बाजू बंद करू नयेत, कारण कोंडलेल्या हवेत काहीच वाळत नाही. छपराच्या पागोळ्यांचे पाणी खुराड्याखाली वाहून येत असेल, तर ते वळविण्यासाठी चर खणावा. पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे, म्हणजे ती पाणी सांडत नाही. पुष्कळ खुराड्यांतील निम्मी ओल विष्ठेची नसून कलंडलेल्या भांड्याची असते. सांडलेले खाद्य भिजून आंबते, आणि तेही माशीला विष्ठेइतकेच प्रिय असते. ते रोज उचलावे. कोंबड्यांची विष्ठाच पातळ होत असेल, तर खाद्यातील मिठाचे प्रमाण, पोटातील जंत अथवा एखादा रोग यांचा शोध घेऊन पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

विष्ठेची विल्हेवाट दोन रीतींनी लावता येते. त्यांपैकी एक पत्करावी आणि ती नेटाने चालवावी. पहिली रीत काढून टाकण्याची. कोंबड्या रात्रभर ज्या दांडीवर बसतात, तिच्याखाली फळी किंवा पत्रा ठेवावा, म्हणजे विष्ठेचा मोठा भाग एकाच जागी पडतो. तो आठवड्यातून निदान दोनदा खरवडून न्यावा. तीन-चार दिवसांच्या अंतराने हे काम झाले, तर अळीला कोष करण्याइतकी उसंतच मिळत नाही. पंधरा दिवसांनी एकदा केलेली झाडलोट कितीही चोख असली, तरी तोवर माश्यांची एक पिढी उडून गेलेली असते.

दुसरी रीत कोरड्या अंथराची. भाताचे तूस, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, यांपैकी जे स्वस्त मिळेल ते चार बोटे जाडीने पसरावे आणि दर दोन दिवसांनी दंताळ्याने वरखाली करावे. अंथर योग्य आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. मूठभर अंथर दाबून मूठ उघडावी. लाडू झाला तर ओल फार आहे, भुगा विस्कटून पडला तर ठीक आहे. ओला झालेला भाग तेवढा उचलून तेथे कोरडे अंथर घालावे. चुन्याचा मारा करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. परंतु ताज्या विष्ठेवर चुना पडला, की अमोनियाचा उग्र वायू सुटतो, कोंबड्यांच्या डोळ्यांना त्रास होतो आणि खतातील नत्र हवेत उडून जाते.

काढलेली विष्ठा उकिरड्यावर उघडी टाकली, तर माश्यांचे घर केवळ खुराड्यातून उकिरड्यावर हलते. तिच्यात पालापाचोळा किंवा पेंढा मिसळून ढीग करावा आणि वर चार बोटे माती अथवा जाड कापड घालावे. नीट रचलेल्या ढिगाच्या पोटातील उष्णता पन्नास अंशांच्या वर जाते आणि तेथे अळ्या जगत नाहीत. पण ढिगाची बाहेरची साल थंड असते व अळ्या तिकडे सरकतात. म्हणून ढीग अधूनमधून पालटून पुन्हा झाकावा. चांगले कुजलेले हे खत माडाला, केळीला आणि भाजीला उत्तम मानवते. ताजे घातल्यास मात्र मुळे जळतात.

कोंबड्याच अळ्या वेचून खातात, मग चिंता कशाला, असे काहीजण म्हणतात. कोंबडी काही अळ्या खाते, हे खरे. पण घरमाशी ही कोंबडीच्या आतड्यात होणाऱ्या एका पट्टकृमीची वाहक आहे, आणि माशी गिळणाऱ्या कोंबडीला तो कृमी जडतो. मेलेल्या कोंबडीच्या शवावरील अळ्या तर याहून घातक. त्या अळ्यांत शवातील जंतूंचे विष साठते. त्या खाल्ल्या, की कोंबडीची मान लुळी पडून ती दगावते. मेलेला पक्षी त्याच दिवशी खोल पुरलाच पाहिजे.

राहिला प्रश्न औषध फवारण्याचा. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली शोधून काढला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यापूर्वीच, १९४६-४७ च्या सुमारास, डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या युरोपात आढळल्या होत्या. पुढे आलेल्या अनेक औषधांची गत याहून फारशी निराळी झाली नाही. वारंवार फवारणी झाली, की दुबळ्या माश्या मरतात, चिवट तेवढ्या उरतात आणि पुढची प्रजा त्यांचीच होते. शिवाय विष अंड्यातही उतरते. २०१७ साली कोंबड्यांच्या अंगावरील किडींसाठी वापरलेल्या द्रवातील फिप्रोनिल हे विष नेदरलँड्समधील अंड्यांत सापडले, आणि युरोपातील अनेक देशांत लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली.

फवारणीने आणखी एक हानी होते. माशीच्या कोषात आपले अंडे घालून तिला आतल्या आत संपविणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या, तसेच माशीची अंडी खाणारे बारीक कोळीकिडे आणि भुंगेरे कोरड्या जुन्या अंथरात राहतात. विषाने तेही मरतात, आणि त्यांची प्रजा माशीइतक्या झपाट्याने वाढत नाही. म्हणूनच अंथर बदलताना जुन्या कोरड्या अंथराचा एक थर तळाशी राहू द्यावा. उडत्या माश्या कमी करण्यासाठी गूळपाणी आंबवून त्याचा सापळा लावावा. परंतु तो खुराड्यापासून व स्वयंपाकघरापासून दूर टांगावा, नाहीतर त्याच्या वासाने माश्या घराकडेच ओढल्या जातात. औषध वापरण्याची वेळ आलीच, तर ते पशुवैद्याच्या सल्ल्याने, खाद्य, पाणी व अंडी बाजूला ठेवून आणि मुलांच्या हाताबाहेर राहील अशा बेताने वापरावे.

माशीला कुंपण नसते. एका घराने खुराडे कोरडे ठेवले आणि शेजारच्या गोठ्यामागे शेण उघडे कुजत राहिले, तर दोन्ही घरांच्या ताटांवर माश्या बसणारच. म्हणून तक्रार घेऊन आलेल्या शेजाऱ्याशी भांडण्यापेक्षा त्याला बरोबर घेऊन दोन्ही परसांतील ओल्या जागा पाहाव्यात. खुराडे, गोठा, मोरीचे सांडपाणी आणि उकिरडा एकाच फेरीत तपासून होतात. बुधवारी व रविवारी विष्ठा काढायची, पाण्याचे भांडे उंच ठेवायचे आणि ढीग झाकायचा, एवढा नेम पावसाळ्याच्या आधीपासून धरला, तर आर्द्रा लागेपर्यंत त्याचा गुण दिसू लागेल. या नेमाला पैसा फारसा लागत नाही. लागते ती नियमितता, आणि दोन घरांचा थोडासा समजूतदारपणा.