हरलेल्या वस्तादाचा विजय

(गुरुपौर्णिमेनिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गुरुपौर्णिमेच्या व्यासपीठावरून अमेरिकेतील एका मल्लाची कथा सांगितली जावी, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. त्यातही हा मल्ल मातीतला नव्हे, मॅटवरचाही नव्हे. जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसे उतरतात, ठोसे, लाथा, पकडी आणि गळफास यांपैकी जवळजवळ सर्व काही वापरतात, आणि एक जण शरण येईपर्यंत किंवा पंच थांबवीपर्यंत लढतात, अशा खेळातला तो. मिश्र मार्शल आर्ट्स हे या खेळाचे नाव. घरातील दूरदर्शन संचावर तो लागला, तर वडीलधारी मंडळी वाहिनी बदलायला सांगतात आणि त्यांचे फारसे चुकतही नाही. परंतु गुरुत्व कोठे प्रकट व्हावे याला नियम नाही. ज्या खेळात एका माणसाचे यश दुसऱ्याच्या पराभवावाचून संभवतच नाही, तेथेच एक वस्ताद आपले सर्वस्व शिष्यांना देऊन बसला. त्या माणसाचे नाव पॅट मिलेटिच.

मिलेटिच यांचा जन्म १९६८ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट या गावी झाला. एरवी दक्षिणेकडे वाहणारी मिसिसिपी नदी या ठिकाणी वळण घेऊन पश्चिमेकडे वाहते. तिच्या दोन्ही काठांवर डेव्हनपोर्ट, बेटेंडॉर्फ, मोलिन अशी कारखान्यांची आणि कष्टकऱ्यांची गावे वसली आहेत. सभोवार मक्याची शेते. न्यूयॉर्कचा झगमगाट नाही आणि लास व्हेगासचा पैसाही नाही. मात्र या राज्याला एक वेड आहे, ते कुस्तीचे. आपल्याकडे कोल्हापूरचे नाव घेताच तालीम आणि लाल माती डोळ्यांसमोर उभी राहते, तसे अमेरिकेत आयोवाचे आहे. डॅन गेबल हे तिथले आराध्यदैवत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न गमावता त्यांनी सुवर्णपदक जिंकले. परंतु आयोवाचे लोक त्यांच्या पदकाइतकेच त्यांच्या गुरुत्वाचे कौतुक करतात. १९७६ ते १९९७ या काळात आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी संघाला १५ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. खेळाडू मोठा की त्याला घडविणारा मोठा, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रदेशाच्या हवेतच होते. मिलेटिच त्याच हवेत वाढले.

शालेय वयापासून त्यांनी कुस्ती केली. आईच्या आजारपणामुळे महाविद्यालयीन शिक्षण मात्र अर्धवट सोडावे लागले. कुस्तीच्या जोडीला त्यांनी मुष्टियुद्ध, कराटे, थायलंडची लाथा-कोपरांची विद्या आणि ब्राझीलमध्ये वाढलेली जिउ-जित्सूची विद्या यांचा अभ्यास आरंभिला. १९९५ साली शिकागोत भरलेल्या एका स्पर्धेत एकाच रात्री तीन लढती जिंकून त्यांनी आपल्या व्यावसायिक कारकिर्दीची सुरुवात केली.

हा काळ समजून घेणे आवश्यक आहे. अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजे संक्षेपाने यूएफसी, ही स्पर्धा नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हर येथे सुरू झाली, ती मुळी 'कोणती विद्या श्रेष्ठ' हे ठरविण्यासाठी. मुष्टियोद्ध्यासमोर कुस्तीगीर, कराटेपटूसमोर जिउ-जित्सूचा जाणकार, अशा जोड्या लागत. प्रत्येकाला आपापल्या घराण्याचा अभिमान होता. ग्वाल्हेरचा गायक किराण्याची गायकी ऐकतो, दादही देतो, पण आपल्या गळ्यात उतरू देत नाही, तसा हा प्रकार. मिलेटिच यांनी तो अभिमान बाजूला ठेवला. कुस्तीतून तोल आणि पकड, मुष्टियुद्धातून हात, थायलंडच्या विद्येतून पाय आणि जिउ-जित्सूतून जमिनीवरचे डाव घेऊन ही चारही अंगे एकाच शरीरात एकजीव व्हावीत, असा त्यांचा आग्रह होता. आज ही गोष्ट इतकी सर्वमान्य झाली आहे की ती कोणी कष्टाने सिद्ध केली असेल, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्या काळी ती सिद्ध करणाऱ्या मोजक्या मंडळींत मिलेटिच अग्रभागी होते.

मार्च १९९८ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे त्यांनी हलक्या वजनगटाची स्पर्धा जिंकली. वाटेत १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे रौप्यपदक मिळविणाऱ्या टाउनसेंड साँडर्सला त्यांनी नमविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे मायकी बर्नेटचा पराभव करून ते यूएफसीच्या १७० पौंडी, म्हणजे सुमारे ७७ किलो वजनगटाचे पहिले विजेते ठरले. कमरेला पट्टा आला आणि पुढे चार वेळा त्यांनी तो राखला.

पट्टा आला, पण संपत्ती आली नाही. अमेरिकी सिनेटर जॉन मॅककेन यांनी या खेळाची तुलना कोंबड्यांच्या झुंजीशी करून देशभर मोहीम उघडली होती. अनेक राज्यांनी बंदी घातली, केबल कंपन्यांनी प्रक्षेपण थांबविले. या खेळाची अवस्था इतकी हलाखीची झाली की जानेवारी २००१ मध्ये संपूर्ण यूएफसी अवघ्या २० लाख डॉलरना विकली गेली. हीच संस्था २०१६ साली सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली, यावरून त्या दिवसांच्या दारिद्र्याची कल्पना यावी. ज्या खेळात पैसा नाही, प्रतिष्ठा नाही आणि उद्याची शाश्वतीही नाही, त्यात तरुणांना घडविण्यासाठी मिलेटिच यांनी बेटेंडॉर्फमध्ये तालीम चालविली.

त्या तालमीत आलेली मुले कोण होती? जेन्स पल्व्हर हा मद्यपी आणि मारकुट्या पित्याच्या धाकात बालपण होरपळलेला तरुण. मॅट ह्यूज हा इलिनॉयमधील हिल्सबरो गावचा शेतकरीपुत्र, महाविद्यालयीन कुस्तीत नाव मिळवून आलेला. टिम सिल्व्हिया हा मेन राज्यातील एका लहान गावातून आलेला अवाढव्य देहाचा मुलगा. रॉबी लॉलर हा तर बेटेंडॉर्फच्याच शाळेत कुस्ती करणारा, शाळकरी वयातच तालमीची पायरी चढलेला. आलेल्या नवागताला कोणी गोंजारत नसे. त्याला थेट जुन्या, कसलेल्या लढवय्यांसमोर उभे केले जाई. मार खाऊन जो दुसऱ्या दिवशी परत येई, तोच टिके.

फेब्रुवारी २००१ मध्ये जेन्स पल्व्हरने जपानच्या काओल उनोला हरवून आपल्या वजनगटाचे पहिले विजेतेपद मिळविले. गुरू आणि शिष्य एकाच वेळी विजेते, असा दुर्मीळ योग जुळून आला. तो फार काळ टिकला नाही. ४ मे २००१ रोजी अटलांटिक सिटी येथे कॅनडाच्या कार्लोस न्यूटनने तिसऱ्या फेरीत मिलेटिच यांची मान आवळून त्यांना शरण आणले. अडीच वर्षे सांभाळलेला पट्टा एका क्षणात गेला.

या कथेचा गाभा येथे आहे. पट्टा परत कसा मिळवायचा, हा प्रश्न त्या माणसासमोर होता. त्याच वजनगटात त्यांचा शिष्य मॅट ह्यूज तयार झाला होता. २ नोव्हेंबर २००१ रोजी लास व्हेगास येथे न्यूटनसमोर उभा राहिला तो ह्यूज, आणि मिलेटिच त्याच्या कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून उभे राहिले. दुसऱ्या फेरीत न्यूटनने पायांचा त्रिकोणी फास ह्यूजच्या गळ्याभोवती टाकला. ह्यूजने त्याला तसेच उचलले, जाळीच्या काठापर्यंत नेले आणि तेथून खाली आपटले. न्यूटन बेशुद्ध झाला. फासाने ह्यूजही इतका गुंगला होता की आपण जिंकलो, हे त्याला त्याच्या माणसांनी सांगावे लागले. आधी शुद्ध कोणाची हरपली, यावर जाणकारांत आजही वाद होतो. परंतु गुरूच्या कमरेवरून गेलेला पट्टा सहा महिन्यांत शिष्याच्या कमरेला आला, हे निर्विवाद.

आता जरा विचार करा. मिलेटिच यांना तो पट्टा पुन्हा हवा असता, तर त्यांना आपल्याच शिष्याला आव्हान द्यावे लागले असते. त्याचे सारे डाव त्यांना ठाऊक होते, कारण त्यांतील बरेच त्यांनीच शिकविले होते. तेव्हा त्यांचे वय होते ३३, लढवय्याचे हात अजून थकलेले नव्हते. मार्च २००२ मध्ये ते पुन्हा पिंजऱ्यात उतरले, पण वरच्या वजनगटात, आणि तेथे मॅट लिंडलंडकडून हरले. त्या पट्ट्यासाठी ते पुन्हा कधीही लढले नाहीत. सर्वत्र विजयाची इच्छा धरावी, पण पुत्राकडून आणि शिष्याकडून मात्र पराजय इच्छावा, असे आपले पूर्वज सांगून गेले. ते वचन आपण समारंभात उच्चारतो. अशा संस्कारांचे नावही ज्याने ऐकले नसेल, अशा एका माणसाने ते आचरून दाखविले. शिष्य आपल्या पुढे जात असताना वाटेतून बाजूला होणे, ही गुरूची सर्वांत कठीण परीक्षा असते.

पुढील काही वर्षे बेटेंडॉर्फच्या तालमीची होती. फेब्रुवारी २००३ मध्ये टिम सिल्व्हियाने रिको रॉड्रिगेझला हरवून सर्वांत वजनदार गटाचा पट्टा मिळविला. ह्यूजने आपल्या पहिल्या कारकिर्दीत पाच वेळा पट्टा राखला, तो गमावला, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये पुन्हा मिळविला. २००६ साली मिलेटिच यांच्या शिष्यांकडे एकाच वेळी दोन वजनगटांची विजेतेपदे होती. मक्याच्या शेतांमधील एका गावाने जगाला इतके विजेते द्यावेत, हा काही योगायोग नव्हे.

तथापि गुरूचा गौरव करताना सत्याकडे पाठ फिरविणे, ही गुरुभक्ती नव्हे. या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिल्व्हिया २००३ साली निषिद्ध उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळला आणि त्याला पट्टा सोडावा लागला. तालमीतील ती निर्दय लढत, जिच्यातून पोलाद घडते असे म्हटले जाई, तिने शरीरेही झिजविली. खुद्द मिलेटिच यांना मानेच्या दुखापतींनी ग्रासले. सप्टेंबर २००६ मध्ये मोलिन येथे, आपल्या माणसांसमोर, रेन्झो ग्रेसीशी ते लढले आणि हरले. डिसेंबर २००८ मध्ये थॉमस डेनीला हरवून त्यांनी हातमोजे खाली ठेवले. दरम्यान २००७ च्या अखेरीस ह्यूज आणि लॉलर तालीम सोडून गेले आणि इलिनॉयमध्ये त्यांनी आपला स्वतंत्र आखाडा उघडला. ज्या भिंतींनी जयघोष ऐकले, त्यांना रिकामेपणही पाहावे लागले.

यातून निघणारा बोध कडू असला तरी मोलाचा आहे. सरावात रोज डोक्यावर ठोसे घेणे ही मर्दुमकी नव्हे, हे आता त्या क्षेत्रातही मान्य होऊ लागले आहे आणि अनेक प्रशिक्षक असा सराव जाणीवपूर्वक कमी करतात. तपश्चर्या आणि आत्मनाश यांच्यातील सीमारेषा शिष्याला दिसत नाही. त्याला जोश असतो, वय असते, वस्तादाला खूश करण्याची ओढ असते. ती रेषा पाहण्याचे दायित्व गुरूचे. मिलेटिच यांच्या पिढीला ती नेहमी दिसली नाही. पुढच्या पिढीने त्यांचे औदार्य घ्यावे आणि या बाबतीत त्यांच्या पुढे जावे. तीही एक प्रकारे शिष्याने गुरूला दिलेली मातच होय.

२०१४ साल उजाडले. जुलैमध्ये मिलेटिच यांचा यूएफसीच्या मानवंदना दालनात समावेश झाला. आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला रॉबी लॉलरने जॉनी हेंड्रिक्सचा पराभव केला. पट्टा तोच होता, १७० पौंडी गटाचा. जो १९९८ साली मिलेटिच यांनी प्रथम कमरेला बांधला, २००१ साली ह्यूजने परत आणला, तो १६ वर्षांनंतर बेटेंडॉर्फच्या तालमीत प्रथम घाम गाळलेल्या मुलाकडे आला. लॉलर तेव्हा फ्लोरिडात, दुसऱ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली होता. विद्या मात्र पाया सोडून जात नाही.

हा खेळ आता आपल्याही दारात आला आहे. २०१७ साली महाराष्ट्राचा भरत खंदारे शांघाय येथे यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. २०२४ साली उत्तर प्रदेशची पूजा तोमर तेथे विजय नोंदविणारी पहिली भारतीय महिला ठरली. गावोगावच्या तालमींतील मुले या वाटेने जाऊ इच्छितील आणि शहरांतील पालकही मुलांना अशा वर्गांत घालतील. त्यांना रोखावे की जाऊ द्यावे, हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे. पण जाऊ देण्यापूर्वी शिक्षकाच्या भिंतीवरील पदके मोजू नका. दोनच गोष्टी पाहा. आपला शिष्य आपल्यापुढे गेला तर या माणसाला आनंद होईल का? आणि मूल थकले, दुखावले, तर त्याला 'आज पुरे' म्हणण्याचे धैर्य याच्यात आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिलेटिच यांनी आपल्या जीवनाने दिले. दुसऱ्याचे उत्तर देण्याचे काम त्यांनी मागे येणाऱ्यांवर सोपविले आहे. गुरुपौर्णिमेला आपण गुरूच्या चरणांवर फुले वाहतो. ज्यांच्या हाती उद्या कोणाचे तरी मूल सोपविले जाणार आहे, त्यांनी या दिवशी हे दोन प्रश्न स्वतःलाही विचारावेत, एवढीच अपेक्षा.