बागेतला उतार



आमच्या कोथरूडला माझा नातू चाकांच्या खुर्चीतून बागेत येतो. पूर्वी वाळूत चाके रुतायची. पोर बाकाशेजारी बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचे.

नव्या खेळबागेत जमीन सपाट, टणक आहे. एक फूट उंचीला १२ फूट लांब उतार. खुर्ची सहज वर चढते. झोक्याला पाठ आहे, पट्टाही आहे. परवा सूनबाईने मुलाला प्रथमच झोका दिला. सहा वर्षांनी!

एक बाई म्हणाल्या, "अशा मुलांना इथं कशाला आणता?"

मी म्हटलं, "बाई, अपंगांनाही खेळता यावं, याची तजवीज सरकारनं करायची, असं २०१६ चा कायदाच सांगतो."

तुमच्या बागेत नुसत्या पायऱ्या आहेत का? मग महापालिकेला अर्ज लिहा. आता लिहिता येतं ना? उताराचा आकडा अर्जात घालायला विसरू नका.